पायाखालच्या जमिनीची परीक्षा
(जीर्णोद्धार निमित्ताच्या सभेतील भाषण)



देवळाला दिलेला पैसा कुठे लागला हे सहसा डोळ्यांना दिसते. कळस दिसतो, घंटा वाजते, फरशीवर नाव कोरलेले असते. जमिनीखाली घातलेला पैसा मात्र कोणाला दिसत नाही. ‘बोअर घेण्याचा खर्च अमुक यांजकडून’ अशी पाटी कुठल्याही देवळात आढळत नाही. वास्तविक जीर्णोद्धाराच्या फंडावर पहिला हक्क याच खर्चाचा आहे.

जमिनीची परीक्षा ही काही साहेबाने आणलेली गोष्ट नव्हे. सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत ती सांगून ठेवली आहे. घराच्या जागी मधोमध हातभर खड्डा खणावा आणि निघालेली माती पुन्हा त्यातच भरावी. माती उरली तर जमीन उत्तम, बरोबर बसली तर मध्यम, कमी पडली तर वाईट. दुसरी परीक्षा पाण्याची. खड्डा पाण्याने भरावा, शंभर पावले जाऊन परत यावे आणि पाणी कमी झाले की नाही ते पाहावे. पहिल्या परीक्षेमागचे कारण साधे आहे. घट्ट बसलेली जमीन खणली की माती फुगते व परत खड्ड्यात मावत नाही. जमीन पोकळ असेल तर तीच माती चेपून बसते आणि खड्डा रिता राहतो. जागेवरच, जमीन आहे त्या स्थितीत तपासायची, हे आजच्या शास्त्राचे तत्त्वही याहून वेगळे नाही.

फक्त हातभर खड्ड्याने आपल्या भागात भागत नाही. ठाणे, कळवा, मुंब्रा, दिवा, डोंबिवली, कल्याण हा पट्टा खाडीच्या आणि उल्हास नदीच्या काठचा. खाली काळा कातळ सगळीकडे आहे, पण तो एका पातळीवर नाही. पारसिकच्या डोंगरात तो उघडा दिसतो आणि त्याच्याच पायथ्याशी खाजणात खोल गाळाखाली जातो. कल्याणला दुर्गाडी किल्ल्याची टेकडी पाहा. तिच्यालगतच खाडीचा चिखल आहे. म्हणून ‘शेजाऱ्याच्या विहिरीला दहा फुटांवर कातळ लागला, आपल्यालाही लागेल’ हा हिशेब इथे चालत नाही.

आता तर आणखी एक फसवणूक वाढली आहे. खाजणात मुरुमाचा भराव टाकतात, त्यावर रोलर फिरवतात, आणि जमीन पाहणाऱ्याला दगडासारखी लागते. खालचा गाळ मात्र तसाच असतो. त्यावर वजन आले की त्यातले पाणी हळूहळू बाहेर पडते आणि जमीन वर्षानुवर्षे दबत राहते. सारखी दबली तर निभावते. एक कोपरा जास्त दबला की भिंत तडकते. इटलीतील पिसा गावचा मनोरा ११७३ साली बांधायला घेतला. तिसरा मजला होता होता तो कलू लागला, कारण खाली मऊ चिकणमाती. शेवटी १९९० मध्ये तो लोकांना बंद करून, उंच बाजूच्या पायाखालची माती थोडी थोडी काढून, थोडा सरळ करावा लागला आणि २००१ मध्ये पुन्हा उघडला. नुसता मनोराच तो, आत सप्ताहाला बसणारी मंडळी नव्हती.

मग करायचे काय? प्रथम, फुकटात होणारे काम. गावचा जुना नकाशा काढून पाहावा. बुजवलेला ओढा, तळे, खाजणाची हद्द त्यात सापडू शकते. सात-बाराच्या उताऱ्यावर जमिनीचा मालक कळतो, तिचा स्वभाव कळत नाही. नकाशा मात्र कधी कधी बोलतो. गावातील वयोवृद्धांनाही विचारावे.

त्यानंतर बोअर. तिपाई उभारून भोक पाडतात आणि साधारण दर दीड मीटरला थांबून तळाशी एक जाड नळी ठोकतात. ठोकायचे वजन साडेत्रेसष्ट किलो, ते पाऊण मीटरवरून सोडायचे. पहिले १५ सेंटिमीटर मोजायचे नाहीत, कारण भोकाच्या तळाची माती हललेली असते. पुढचे ३० सेंटिमीटर उतरायला किती ठोके लागले तो आकडा लिहायचा. हे सर्व भारतीय मानक २१३१ मध्ये दिलेले आहे. खाडीच्या मऊ गाळात चार ठोकेसुद्धा भरत नाहीत. कधी नुसत्या वजनानेच नळी खाली जाते. टणक मुरुमात ठोके तिसाच्या वर जातात. पन्नास ठोके मारूनही १५ सेंटिमीटर उतरेना, तर तिथे थांबतात. नळी उघडली की आत माती मिळते, तिचा रंग, वास, ओल सगळे समजते. अगदी मऊ गाळात ठोक्यांचा आकडा फारसा उपयोगी नसतो. तिथे चार पात्यांचा दांडा खुपसून फिरवतात आणि गाळ किती जोराने विरोध करतो ते मोजतात. असा गाळ बाहेर काढून प्रयोगशाळेत नेईपर्यंत त्याची घडी मोडते, म्हणून जागेवरची परीक्षा.

कंत्राटदार पुष्कळदा म्हणतात, ‘लोखंडी पाट ठेवून, वजन देऊन दाखवतो, मग बोअर कशाला?’ ही परीक्षाही खरीच आहे, पण तिची मर्यादा ध्यानात घ्यावी. दोन फुटी पाटाचे वजन खाली सुमारे चार फुटांपर्यंतच जाणवते. सहा फूट मुरुमाचा भराव आणि त्याखाली गाळ असेल तर पाट उत्तम निकाल देईल, आणि सभामंडपाचे रुंद पाये मात्र त्या गाळापर्यंत पोचतील. भरावाच्या जागी एकट्या पाटावर विसंबू नये.

किती बोअर घ्यावेत? सुमारे एक एकराच्या जागेला चार कोपऱ्यांना चार आणि मध्ये एक, लहान इमारतीला मध्ये एकही पुरे, असे मानकांत आहे. जीर्णोद्धारात मात्र किमान दोन घ्यावेत असे सुचवावेसे वाटते: एक जुन्या गाभाऱ्याजवळ, एक नव्या मंडपाखाली. जुना गाभारा दबायचा तेवढा केव्हाच दबलेला असतो. नवा मंडप आता दबायला लागणार. दोन्ही एकमेकांत घट्ट बांधले तर तडा जोडावरच जातो. म्हणून मध्ये सांधा मोकळा ठेवतात. हे न सांगता दोन्हीवर एकच स्लॅब टाकणारेही असतात.

शीळफाट्याजवळ ४ एप्रिल २०१३ रोजी सात मजली इमारत कोसळून ७४ माणसे गेली. त्याचा दोष जमिनीवर टाकता येणार नाही. ते बांधकामच विनापरवाना आणि घाईचे होते. पण घाईत बांधणारा जमिनीची परीक्षा करायला थांबत नाही, हेही खरे. जत्रेच्या दिवशी मंडपात उभ्या राहणाऱ्यांत बहुतेक आपलीच लेकरे असणार.

शेवटी एक व्यवहाराची सूचना. बोअरचा अहवाल कंत्राटदाराच्या फायलीत राहू देऊ नये. एक प्रत देवस्थानच्या दप्तरात ठेवावी. तीत बोअरची जागा, पाणी किती खोलीवर लागले आणि महिना कोणता होता, हे लिहिलेले असावे, कारण वैशाखातले पाणी आणि श्रावणातले पाणी एका पातळीवर नसते. पुढे कोणी भक्तनिवासाचा मजला चढवायचा म्हणेल, तेव्हा तोच कागद आधी मागितला जाईल.