ऱ्हापिस ओळखा, मग पैसे मोजा
(जिल्हा बैठकीतील भाषण)



पऱ्हाटी-ज्वारीच्या बैठकीत शोभेच्या झाडाचे काय, अशी कुजबुज मघापासून कानावर येते आहे. कारण सांगतो. घरामागे लिंबाची सावली आहे, भांडी धुतलेले पाणी आहे, तेवढ्यात शहरासाठी रोपे करू, असे आमच्याकडच्या बायांनी ठरवले. आम्ही हौसेने एका रोपवाटिकेतून उधारीवर पन्नास ‘ऱ्हापिस’ आणून दिले. पुढे कळले, त्यात एकही ऱ्हापिस नव्हता. शेतकीच्या पदवीधरांची ही गोष्ट! आमच्या पुस्तकांत कापूस होता, पाम नव्हता.

तर पान बघा. ऱ्हापिसचे पान पंजासारखे. देठाच्या टोकाला बोटे फुटतात आणि त्या बोटांची टोके कात्रीने कातरल्यासारखी बोथट, दातेरी असतात. खोड अंगठ्याएवढे, त्यावर तपकिरी काथ्याची जाळी. आमच्या गळ्यात पडला तो कॅमेडोरिया, मेक्सिको-ग्वाटेमालाकडचा. त्याचे पान पिसासारखे, दांड्याच्या दोन्ही बाजूंना पाती. खोड हिरवे, गुळगुळीत, पेरांचे. दोघांनाही ‘बांबू पाम’ म्हणतात, फसगत होते ती तिथेच. पंजाच आहे, पण बोटे अरुंद आणि टोकदार, तर तो ऱ्हापिस ह्युमिलिस, सख्खा भाऊ.

ऱ्हापिस मूळचा दक्षिण चीन आणि उत्तर व्हिएतनामचा, मोठ्या झाडांखाली वाढणारा. आपल्या उन्हात पाने पिवळी पडून करपतात. बी धरून बसू नका; नर-मादी झाडे वेगळी असतात. केळीसारखे बुडातून मुनवे येतात. पावसाळ्याच्या तोंडाशी दोन-तीन खोडांचा गड्डा मुळांसकट कापून वेगळा करा. बिनमुळाचा एकटा कोंब उपटला तर तो जातो आणि गड्डाही दुखावतो. कुंडीत पाणी साचू देऊ नका. खारपाणपट्ट्यातल्या भावांनी बोअरचे पाणी देऊ नये, पानांची टोके जळतात आणि टोक जळलेले रोप गिऱ्हाईक घेत नाही. पत्र्यावरचे पावसाचे पाणी साठवा. साबणाचे पाणी तर नकोच, आमच्या हिशेबातली ती दुसरी चूक.

आणि हा माल सावकाश वाढतो. ज्वारी चार महिन्यांत घरात येते, याचा गड्डा विकण्याजोगा व्हायला वर्षे जातात. म्हणून कर्ज काढून करू नका. दोन खात्रीचे गड्डे घ्या, गिऱ्हाईक आधी विचारून ठेवा. आमच्या बायांनी आता तेच केले आहे. जुनी उधारी मात्र आम्हीच फेडतो आहोत.

दोन्ही पाने मेजावर ठेवली आहेत. जेवायला उठण्याआधी हातात घेऊन बघा.