उधारीची वही वाचायची कोणी?

कोणी बसमध्ये असेल, कोणी भांडी घासत असेल, कोणी ऑफिसात मीटिंग ऐकतोय असं दाखवून मला ऐकत असेल. आज पाहुणा नाही, मी एकटाच आहे. विषय अगदी गल्लीतला: गोंदियात आमच्या घरासमोर असलेलं किराणा दुकान.

मी कोडिंग करून पोट भरतो, हे तुम्हाला माहीतच आहे. मागच्या दिवाळीत त्या दुकानात मी एक काम करून दिलं. फुकटात, चांगल्या मनानं. त्यातून जे झालं ते मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. पण आधी त्या दुकानाचे चार मालक तुम्हाला माहीत व्हायला पाहिजेत, नाहीतर माझं चुकलं कुठे ते कळणार नाही.

गोंदिया हे बाजारावर वाढलेलं गाव. नावच म्हणे गोंदावरून पडलं, म्हणजे डिंकावरून. जंगलातला डिंक आणि लाख इथं विकायला यायची. बंगाल-नागपूर रेल्वे आली, मग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जबलपूरकडची नॅरोगेज सुरू झाली आणि गोंदियाचं जंक्शन झालं. धान, तेंदूपत्ता, बिडी, सगळं इथून जायचं. मालामागे व्यापारी आले. आमच्या दुकानाचा पहिला मालक त्यातलाच, एक मारवाडी शेटजी. मी त्यांना पाहिलेलं नाही, माझ्या आजीनं पाहिलंय. तेव्हा शेर-पावशेर होतं, रुपया सोळा आण्यांचा होता. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले, मागून किलो आला, आणि आजी सांगायची की त्या काळात दोन-तीन वर्षं प्रत्येक बाईला वाटायचं की शेटजी आपल्याला फसवतोय.

शेटजींची वही मुडिया लिपीत. हिलाच महाजनीही म्हणतात. यात मात्रा जवळपास लिहीतच नाहीत, नुसती अक्षरं. त्यावरचा जुना विनोद तुम्ही ऐकला असेल: चिठ्ठीत लिहिलं होतं ‘काकाजी अजमेर गए’, घरच्यांनी वाचलं ‘काकाजी आज मर गए’ आणि रडारड सुरू. लिहिणाऱ्याला वाचता येतं, दुसऱ्याला अंदाज करावा लागतो. आमच्या भाषेत सांगायचं तर डॉक्युमेंटेशन शून्य.

मग साईं आले. फाळणीत सिंध सोडून आलेलं कुटुंब, कल्याणच्या कॅम्पातून फिरत-फिरत गोंदियाला. आमच्याकडे सिंधी वस्ती बरीच आहे. आधी स्टेशनबाहेर टोपलीत गोळ्या-बिस्किटं विकली, मग शेटजींचं दुकान घेतलं. साईंची वही हटवाणिकात, म्हणजे सिंधी दुकानदारांची लिपी. एकोणिसाव्या शतकात तिलाच वळण लावून खुदाबादी बनवली. तीही मात्रांच्या बाबतीत कंजूष.

आता इथं थांबा. शेटजींची वही साईंना वाचता येत नव्हती. दुकान विकलं, माल मोजला, पण उधारीचं काय? आजी सांगायची, शेटजी पंधरा दिवस साईंच्या शेजारी गल्ल्यावर बसले. एकेक गिऱ्हाईक आलं की नाव सांगायचे, बाकी सांगायचे, आणि माणूस कसा आहे ते सांगायचे. साईं आपल्या लिपीत लिहून घ्यायचे. मी याला डेटा मायग्रेशन म्हणतो. पंधरा दिवस, चहा, आणि एक लाइन कोड नाही.

आमच्याकडे उधारी का लागते, हे पुण्या-मुंबईच्या ऐकणाऱ्यांना सांगतो. बिडी वळणाऱ्या बाईची मजुरी हजार बिड्यांवर, आणि हातात येणार ठेकेदार देईल तेव्हा. शेतकऱ्याचा पैसा धान निघाल्यावर. सरकारी केंद्रावर धान दिलं तर चुकारा कधी येईल याची वाट पाहायची. पोट मात्र रोज सकाळी उघडतं. १८४४ मध्ये इंग्लंडात रॉचडेलच्या विणकरांनी स्वतःचं सहकारी दुकान काढलं, तेव्हा नियमच केला की विक्री रोखीनं, उधार नाही. कारण उधारीत अडकलेला मजूर दुकानदाराच्या हातात जातो. मला तो नियम पटतो. पण त्यासाठी आठवड्याला पगार हातात यावा लागतो. आषाढात रोवणी चालू असताना, घरात दमडी नसताना, रॉचडेलचा नियम आमच्या गल्लीत चालला नसता.

१ मे १९९९ ला भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला. कचेऱ्या आल्या, बाबू लोक भाड्यानं राहायला आले, आणि दुकानात महिन्याची यादी सुरू झाली: एक तारखेला पगार, दोन तारखेला हिशेब. त्याच सुमारास साईं थकले आणि दुकान तिसऱ्या मालकाकडे गेलं. आमचे काका. सख्खे नाहीत, गल्लीचे. पोवार, शेतकऱ्याचा मुलगा, आधी राईस मिलमध्ये दिवाणजी. त्यांना तांदूळ असा कळायचा की दोन दाणे दातांखाली धरून सांगायचे, नवीन की जुना. एचएमटी तांदळाचं पोतं दाखवून आम्हा पोट्ट्यांना विचारायचे, हे नाव कशावरून? मग स्वतःच सांगायचे: चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडेंनी हे वाण शेतात निवडून काढलं आणि घड्याळाच्या नावावरून त्याला नाव पडलं. दादाजी २०१८ मध्ये गेले. काकांनी त्या दिवशी एचएमटीच्या पोत्यावर एक फूल ठेवलं होतं, बस.

साईंची वही काकांना वाचता येत नव्हती. पुन्हा तेच, गल्ल्यावर शेजारी बसणं. फक्त या वेळी व्यवहार कडक होता. उधारीपण विकत घ्यायची होती, रुपयाला आठ आणे भावानं. साईं नावं वाचत गेले, काका देवनागरीत लिहीत गेले. मधेच साईं काही नावांवर थांबायचे आणि म्हणायचे, “इसको जोड़ना मत.” त्याचे पैसे काकांकडून घेतले नाहीत. अशी अकरा नावं होती. काकांनी त्यांच्यापुढे दोनच शब्द लिहिले: मागू नये.

नोटबंदी आली ती ८ नोव्हेंबर २०१६ ला, ऐन धान निघायच्या वेळी. नंतर लॉकडाऊन. दोन्ही वेळा ती वही फुगली, एवढंच सांगतो, कारण मला दिवाळीकडे यायचंय.

चौथ्या मालक वहिनी. काकांकडे पुड्या बांधायला लागल्या होत्या. काकांचे गुडघे गेले तेव्हा हप्त्यानं पैसे द्यायचं ठरवून दुकान त्यांनी घेतलं. आता गल्लीत मेडिकल कॉलेजची पोरं राहतात, मॅगी घेतात, स्कॅन करतात आणि निघून जातात. वहिनी मला म्हणाल्या, “भाऊ, मले मोबाईलमध्ये खातं लावून दे ना. वही आता वाळवीच्या कामाची झाली.”

मी महाराष्ट्र एक्सप्रेसनं रात्रभर बसून आलेलो, सुट्टी होती, उत्साह होता. दोन दिवसांत सगळी वही एक्सेलमध्ये टाकली, तिथून एका फुकटच्या खात्याच्या अ‍ॅपमध्ये. नाव, फोन नंबर, बाकी. ‘मागू नये’ दिसत होतं मला. पण त्यासाठी अ‍ॅपमध्ये कॉलम नव्हता, म्हणून मी ते सोडलं. खरं सांगतो, मला वाटलं जुनी काहीतरी खूण आहे, नंतर विचारू. माझ्या घराचं पान मी वाचलंच नाही. नावं भराभर चिकटवत होतो.

त्या अ‍ॅपमध्ये आठवणीचा मेसेज आपोआप जायची सोय चालूच असते. रात्री नऊला त्रेसष्ट जणांना मेसेज गेला: तुमची इतकी बाकी आहे, कृपया भरा, खाली लिंक.

आम्ही जेवत होतो. बाबांचा फोन वाजला. त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि फोन पालथा ठेवला. मी विचारलं कोणाचा, तर म्हणाले काही नाही. आईनं उचलून पाहिला. ४,३६० रुपये.

मी २०१४ मध्ये बीटेकला नागपूरला गेलो, त्या वर्षी बाबांची मिल बंद पडली होती. मला माहीत होतं की मिल बंद आहे. घरात वर्षभर डाळ-तेल कुठून आलं, हे मी कधी विचारलं नव्हतं. मी लगेच फोन काढला, म्हटलं आत्ताच पाठवतो वहिनींना, दहा सेकंदांचं काम. बाबा चिडले नाहीत, पण म्हणाले, “तुले कोणी सांगितलं पाठवाले? पैसे गेले तं मी त्या दुकानात तोंड कोणतं घेऊन जाऊ?” मग आईकडून कळलं. मिल पुन्हा सुरू झाल्यापासून बाबा दरवर्षी नव्या तांदळाचा एक कट्टा काकांकडे पोचवतात. वहीत तो कुठेच नाही. तो फेड आहे असं दोघांपैकी कोणी म्हटलेलं नाही. कायद्यानं बघाल तर १९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे अशी उधारी तीन वर्षांनंतर कोर्टात मागता येत नाही, म्हणजे ते पैसे कोर्टातूनही मिळाले नसते. आणि मी ते लिंक लावून मागितले होते. स्वतःच्या बापाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींच्या दुकानात एक आजी आल्या. बिडी वळतात, साईंच्या अकरा नावांपैकी एक. मेसेज नातवाच्या फोनवर आला होता. पदराची गाठ सोडून तीनशे रुपये काउंटरवर ठेवले, म्हणाल्या, “खोडून टाक.” वहिनी नाही म्हणत राहिल्या, आजी पैसे ठेवून गेल्या. मी मागे पळालो, माफी मागितली. त्या थांबल्या, माझ्याकडे नीट पाहिलं. “तुले काही म्हणत नाही बापा. मशीननं मागतलं तं मशीनलेच देऊन टाकले.”

त्या दिवसापासून त्या मोठ्या रस्त्यावरच्या दुकानात जातात, गुडघे दुखतात तरी. वहिनींनी दोनदा साखर-चहापत्ती नातवाच्या हाती पाठवली. परत आली.

मी मेसेज बंद केले. काकांकडे वही घेऊन बसलो आणि सगळी ‘मागू नये’ वाली नावं अ‍ॅपमधून काढली. अकराची सतरा झाली होती. सहा काकांनी स्वतः वाढवलेली, त्यात आमचं एक. काका म्हणाले नाहीत काही, फक्त बाबांच्या पानावर बोट ठेवून पुढचं पान उलटलं.

एक गंमत सांगतो, नंतर शोधली. महाजनी आणि खुदाबादी या दोन्ही लिप्या २०१४ मध्ये, एकाच वेळी, युनिकोड ७.० मध्ये आल्या. आपली मोडीही त्यातच. म्हणजे शेटजींची आणि साईंची वही आज मी टाईप करू शकतो, माझ्या फोनवर. साईंच्या जुन्या वह्या अजून दुकानाच्या माळ्यावर लाल कापडात आहेत. या दिवाळीत वहिनींनी पूजेला खाली काढल्या, मी एक उघडली. अक्षरं देखणी आहेत. कोणाकडे किती आणि का, ते मला एका ओळीचंही कळलं नाही.

वहिनी आता रोकड आणि महिन्याच्या यादीवाले अ‍ॅपमध्ये ठेवतात, सतरा नावं वहीत. सोळा म्हणायला पाहिजे. आजींचं पान त्यांनी खोडलेलं नाही, ते तीनशे रुपयेही त्याच पानात तसेच ठेवलेत.

तुमच्या गल्लीतल्या दुकानाचे आधीचे मालक कोण होते, घरी विचारून बघा आणि व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या रविवारी भेटू.