केसपेपर कोणाचा?

(युवक कार्यकर्त्यांपुढे केलेलं भाषण)



येत्या रविवारी वस्तीतल्या दवाखान्यात सिकलसेलची तपासणी आहे. तुमच्यातले निम्मेजण टेबलावर बसून केसपेपर लिहिणार. नाव, वय, वजन, हिमोग्लोबिन. तुम्ही म्हणाल, यात भाषण कसलं ठोकायचं? रकाने भरा, पुढचा नंबर बोलवा! मी नागपुरातल्या अशाच एका दवाखान्यात हे रकाने रोज भरतो. म्हणून सांगतो, केसपेपर हा साधा कागद नाही. प्रश्न कोण विचारतो, कोणता विचारतो आणि उत्तराचं पुढं काय होतं एवढं पाहा. सत्ता कुणाच्या हातात आहे ते तिथंच कळतं.

अमेरिकेत अलाबामा राज्यात टस्कीगी नावाचं गाव आहे. तिथं १९३२ पासून सरकारी आरोग्य खात्यानं सुमारे ६०० गरीब काळ्या पुरुषांच्या नोंदी ठेवल्या. त्यांतल्या ३९९ जणांना गरमीचा रोग होता. त्यांचं रक्त काढलं, मणक्यातलं पाणी काढलं, मेल्यावर प्रेतं फाडली. सगळं नीट लिहून ठेवलं. औषध तेवढं दिलं नाही! पेनिसिलिन निघालं तरी दिलं नाही. 'तुमचं रक्त खराब आहे', एवढंच त्यांना सांगितलं. १९७२ साली वर्तमानपत्रानं बोंब मारली तेव्हा हा धंदा थांबला. ४० वर्षं केसपेपर भरला, आणि माणूस मरू दिला.

त्याच देशात १९६६ साली ओकलंड शहरात ब्लॅक पँथर उभी राहिली. तिच्यावरून आपल्या पोरांनी १९७२ साली मुंबईत दलित पँथर हे नाव घेतलं. त्यांच्या बंदुकांचे फोटो सगळ्यांनी पाहिलेत. त्यांचे दवाखाने कुणाला ठाऊक आहेत? १९७० च्या सुमाराला त्यांनी शाखाशाखांतून फुकट दवाखाने काढले. डॉक्टर मदतीला यायचे, पण वस्तीतली पोरंपोरी स्वतः रक्तदाब मोजायला, आजाऱ्याची माहिती लिहायला शिकली. १९७१ पासून त्यांनी वस्त्यावस्त्यांतून सिकलसेलची तपासणी चालवली. सरकारनं ज्या रोगाकडं ढुंकून पाहिलं नव्हतं, त्याच्यासाठी १९७२ साली अध्यक्ष निक्सनला कायद्यावर सही करावी लागली.

पण इथंच टाळ्या वाजवू नका. पुढं काही राज्यांनी काळ्यांवर तपासणीची सक्ती केली. विमा कंपन्यांनी वाहकांकडून जादा पैसे उकळले. अमेरिकन हवाई दलाच्या अकादमीनं १९८१ पर्यंत वाहकांना दार बंद ठेवलं. वस्तीनं स्वतःसाठी मागितलेली तपासणी दुसऱ्याच्या हातात गेली, आणि तिचा शिक्का झाला.

आता विदर्भात या. आपल्याकडं सिकलसेल महारांत आहे, गोंडांत आहे, कुणब्यांत आहे, तेल्यांत आहे. आफ्रिकेत आहे, अरबस्तानात आहे, ग्रीसमध्ये आहे. जिथं पिढ्यान्‌पिढ्या मलेरियानं माणसं मारली तिथं हे रक्त टिकलं, कारण वाहकाला मलेरिया सहसा जिवावर बेतत नाही. हे कुठल्या जातीचं पाप नाही. पण पोरीच्या कार्डावर 'एएस' दिसलं की सोयरीक मोडते. पुन्हा तेच, रक्त खराब! अरे, एएस म्हणजे वाहक. तो आजारी नाही. नवराबायको दोघंही वाहक असतील तर प्रत्येक खेपेला १०० त २५ शक्यता की मूल एसएस, म्हणजे आजारी निघेल. मग पोराचं कार्ड कोण मागतं? कुणीच नाही. रविवारी तुम्ही मागा.

आणि ध्यानात ठेवा, रविवारी होणार ती सोल्युबिलिटी टेस्ट. रक्तात सिकल आहे का, एवढंच ती सांगते. एएस की एसएस, हे सांगत नाही. ते इलेक्ट्रोफोरेसिससारख्या पुढच्या तपासणीत कळतं. तोवर कुणाच्याही कपाळावर रोग चिकटवू नका.

एसएस माणसाचे सांधे, पाठ, छाती असे दुखतात की धट्टाकट्टा गडी लोळण घेतो. पाणी कमी पडलं, अंगमेहनत जास्त झाली, थंडी बाधली, ताप आला की दुखणं उसळतं. डॉक्टर लिहितो, 'भरपूर पाणी प्या, उन्हात जाऊ नका, जड काम नको.' बाई म्हणते, "जी, कामाले नाही गेली त खाऊ काय?" हे तिचं वाक्य केसपेपरवर कुठल्या रकान्यात जातं? रकानाच नाही! म्हणून आपण तो आखायचा. काम कोणतं, विटा वाहता का, नळ किती लांब, दिवसाला पाणी किती मिळतं, मजुरी बुडाल्यावर घर कोण चालवतं. ही चांभारचौकशी नव्हे. रोग उसळायची कारणं इथंच आहेत. ती लिहिली नाहीत तर दोष बाईवर येतो, की सांगितलेलं ऐकत नाही.

सरकारनं २०२३ साली सिकलसेल निर्मूलन मोहीम काढली. ७ कोटी लोकांची तपासणी, २०४७ पर्यंत निर्मूलन. चांगलं आहे. पण मोजलेला माणूस म्हणजे बरा झालेला माणूस नव्हे. हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्या दवाखान्यात वेळेवर आहेत का, हे विचारा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा आजार आहे. त्याच्या दाखल्यासाठी रिपोर्ट लागतात. तो कागद दवाखान्याच्या कपाटात कुजला तर तिचा हक्कही तिथंच कुजला.

तेव्हा रविवारी टेबलावर बसाल तर आधी तपासणी कशासाठी ते सांगा, मग संमती घ्या. लिहिलेलं आजाऱ्याला वाचून दाखवा. निकाल चारचौघांत ओरडू नका. त्याचा त्यालाच सांगा. एक प्रत त्याच्या हातात द्या. आणि महिन्यानं त्याच दारावर पुन्हा जा, गोळ्या मिळाल्या का ते विचारायला. नाही मिळाल्या तर ते लिहा, आणि तशा सगळ्या नोंदी घेऊन आपण मिळून दवाखान्याच्या साहेबापुढं उभं राहू.

सकाळी आठला या. पेन आपापले आणा.

जय भीम.