खर्जाचे ध्वनिमुद्रण, घरच्या घरी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला मी दोन शब्द बोलावे अशी कार्यकारिणीची इच्छा कळली, तेव्हा मी विषय सांगितला आणि चिटणीसबाईंना हसू आवरेना. बास गिटार! आपल्या या व्यासपीठावरून आजवर बालसंगोपन, काटकसरीचा संसार, फार तर संतवाङ्मय असे विषय झाले. पण गेले वर्षभर आपल्या आळीत ज्या एका आवाजाविषयी कुजबुज चालू आहे, त्याचा उगम माझ्या घरात आहे हे तुम्ही सर्वजणी जाणताच. तेव्हा त्याबद्दल मीच बोललेले बरे.

माझी सून बास गिटार वाजवते. लग्नाआधी ती पुण्याच्या एका वाद्यवृंदात होती. कळंब्यास आल्यावर आणि पुढे बाळ झाल्यावर कार्यक्रमांना जाणे सुटले. आता पुण्याची मंडळी गाणे तिच्याकडे पाठवितात, ती घरी बसून त्यावर आपले वादन ध्वनिमुद्रित करते आणि इंटरनेटवरून परत धाडते. त्याचे तिला मानधन मिळते, आणि मानधनापेक्षाही हात चालू राहतो हे तिला महत्त्वाचे वाटते. तिचा ॲम्प्लिफायर म्हणाल तर शिलाई मशीनच्या पेटीएवढा. पण त्यासमोर माईक ठेवून मुद्रण केले की आवाज पातळ येई, म्हणून तो वाढवावा लागे. आणि वाढविला की शेजारच्या माजघरात घुमघुम सुरू होई. तेथे एक वयस्क गृहस्थ हृदयविकाराने आजारी आहेत. त्यांच्या घरच्यांनी येऊन सांगितले, तेही रागाने नव्हे, काकुळतीने. दुसऱ्या एका घरून मात्र ‘सुनेला हे शोभते का?’ असा निरोप आला. पहिल्या तक्रारीची दखल घेणे आमचे कर्तव्य होते. दुसरीचे उत्तर मी शेवटी देणार आहे.

बास म्हणजे आपल्या भाषेत खर्ज. तंबोऱ्यात खर्जाची तार असते, तिच्यावाचून वरचे सूर उघडे पडतात; तेच काम हे वाद्य करते. त्याला बहुधा चार तारा असतात. त्यांतील सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा थरथरते. आपण भजनात काळी चारचा षड्ज धरतो, तो सुमारे २०८ कंपनांचा. म्हणजे हा सूर आपल्या षड्जाच्या पाचव्या हिश्शाएवढा खाली. एवढ्या खालच्या सुराची एक लाट हवेत जवळजवळ २७ फूट लांब असते आणि सूनबाईंची खोली १२ फूट लांब नि १० फूट रुंद! लाट खोलीहून मोठी. म्हणून खोलीच्या कोपऱ्यात एखादा सूर भलताच फुगतो आणि मधोमध बसले तर तोच सूर हरवल्यासारखा होतो. भिंतीला वाकळ टांगली तर खोलीतील झणझण कमी होते, पण खर्ज वाकळेला दाद देत नाही. विटांची भिंतसुद्धा वरचे सूर अडविते आणि खालचे पुष्कळसे पलीकडे जाऊ देते. त्यामुळे आपण घरात गाणे ऐकत असतो आणि शेजाऱ्याच्या वाट्याला नुसती धडधड येते. विसर्जनाच्या मिरवणुकीतील डॉल्बीच्या भिंती आपण कोल्हापूरकरांनी पुष्कळ सोसल्या आहेत. काचा हलतात, छातीत धडकी भरते, तो याच सुरांचा प्रताप.

आता गंमत अशी, की एवढ्याशा ॲम्प्लिफायरच्या सहा-आठ इंची स्पीकरमधून तो ४१ कंपनांचा मूळ सूर नीट बाहेर पडतच नाही. बाहेर पडतात ते त्याच्यावरचे दुप्पट, तिप्पट कंपनांचे उपस्वर, आणि त्यांवरून मूळ सुराची भरपाई आपला कान मनानेच करतो. वाजविणारीला वाटते खर्ज आला. माईकला मन नाही, तो जे आहे तेच टिपतो. आवाज कितीही वाढविला तरी जो सूर स्पीकरमध्ये नाही तो मुद्रणात कोठून येणार? शेजाऱ्यांची झोप मात्र जाते.

मग सूर आहे कोठे? तो तारेत आहे. या गिटारीच्या अंगावर तारांखाली लोहचुंबक बसविलेले असतात, त्यांभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. पोलादी तार थरथरली की त्या वेढ्यांत विजेचा क्षीण प्रवाह उत्पन्न होतो आणि त्यात तो ४१ कंपनांचा सूर पुरा असतो. तोच केबलने घ्यावा. डब्याएवढी एक पेटी मिळते, तिला ऑडिओ इंटरफेस म्हणतात. गिटारची केबल तिच्यात आणि ती पेटी संगणकाला. पेटीवर वाद्यासाठी वेगळे बटण असते, ते दाबावे, नाहीतर सूर बोथट येतो. सूचकाचा दिवा लाल होणार नाही इतपत जोर ठेवावा. आवाज मागाहून वाढविता येतो, फाटलेला आवाज मात्र सांधता येत नाही. आणि ॲम्प्लिफायरमधून स्पीकरला जाणारी जोडणी या पेटीत कधीही घालू नये, पेटी जळते.

सूनबाई आता कानाला हेडफोन लावून वाजवितात आणि त्याच खोलीत बाळ पाळण्यात झोपलेले असते. मी दारात उभी राहिले तर मला बोटांची तारेवरची टिकटिक तेवढी ऐकू येते.

तरी ॲम्प्लिफायर अडगळीत गेला असे समजू नका. केबलने घेतलेला सूर स्वच्छ असतो, पण थोडा कोरडा, पथ्याच्या जेवणासारखा. स्पीकरचा जो खरखरीत गोडवा आहे तो हवा असेल तर माईकच लागतो. त्यासाठी ॲम्प्लिफायर जमिनीवर न ठेवता स्टुलावर वाकळेची घडी घालून ठेवतात, म्हणजे थरथर फरशीतून कमी जाते. माईक जाळीपासून दोन बोटांवर, स्पीकरच्या मध्यापासून जरा बाजूला. इतक्या जवळ माईक असला की आवाज बोलण्याएवढा असूनही चालतो. शेजारचे गृहस्थ सायंकाळी तलावाकडे हळूहळू फिरून येतात. त्या अर्ध्या तासात हे काम उरकते, आणि ही वेळ त्यांनीच सुचविली.

पण हे दोन आवाज एकत्र करताना एक पाहावे लागते. केबलचा सूर लगेच पोचतो, माईकचा हवेतून किंचित उशिरा. जात्यावर दोघी बसल्या आणि एकीने ओढताना दुसरीने उलटे रेटले तर जाते जसे अडते, तसे येथे होते. एकाची लाट वर असताना दुसऱ्याची खाली आली की दोन्ही मिळून खर्ज खाऊन टाकतात. म्हणून संगणकात माईकचा आवाज केसभर पुढे सरकवून जुळवून घेतात. हे काम कानाचे आहे, आणि ते मला जमते याचा मला अभिमान वाटतो. चाळीस वर्षे पेटी वाजविल्याचा एवढा तरी उपयोग!

दुसरा शत्रू वीज. आपल्या घरातील वीज सेकंदाला ५० वेळा फिरते आणि वाद्यात शिरली तर गुणगुणते. बासच्या जाड तारेचा सूर ४१, पुढच्या तारेचा ५५. म्हणजे ही गुणगुण बरोबर दोघींच्या मध्ये येऊन बसते, काढावी तर गाण्यातले सूरही जातात. यावर उपाय म्हणजे घराचे अर्थिंग तपासून घेणे, मोबाईलचा चार्जर आणि पंख्याचा रेग्युलेटर यांपासून दूर बसणे, आणि लॅपटॉप तेवढा वेळ बॅटरीवर चालविणे. काही मुले गुणगुण जावी म्हणून प्लगची तिसरी पिन काढून टाकतात. हे जिवावरचे काम आहे. आपल्या मुलांना सक्त ताकीद द्या.

कोणी म्हणेल, असे तारेतून घेतलेले संगीत खरे कसे? अमेरिकेत डेट्रॉईट शहरात बेरी गॉर्डी यांनी १९५९ साली एक साधे घर घेतले आणि तेथेच ध्वनिमुद्रणगृह थाटले. तेथे जेम्स जेमरसन नावाचे वादक बास वाजवीत आणि त्यांचा सूर केबलने सरळ मुद्रणयंत्रात घेत असत. ती गाणी साऱ्या जगाने डोक्यावर घेतली. हे वाद्यच मुळी फार जुने नाही. लिओ फेंडर यांची बास गिटार १९५१ साली बाजारात आली, त्यापूर्वी माणसाच्या उंचीचे लाकडी वाद्य उभे धरून वाजवावे लागे. आणि १९२५ च्या सुमारास विजेवरचे मुद्रण सुरू होईपर्यंत गायक-वादक कर्ण्यासमोर बसत, त्या कर्ण्याला खर्ज पकडताच येत नसे. आपल्या जुन्या तबकड्यांत डग्गा कोठे गेला, याचे एक कारण हेही आहे.

आता ‘शोभते का’ याबद्दल. कॅलिफोर्नियात कॅरोल के नावाच्या बाई गिटार वाजवीत. १९६३ साली एका ध्वनिमुद्रणाला बासवादक आलाच नाही, म्हणून त्यांनी ते वाद्य हाती घेतले आणि पुढे हजारो मुद्रणांत वाजविले.  आपल्या मुंबईत वाढलेल्या मोहिनी डे लहानपणी घरीच आपल्या बासवादक वडिलांकडून शिकल्या. त्यांनी ए. आर. रहमान यांच्याबरोबर, झाकीर हुसेन यांच्याबरोबर वाजविले, आणि २०२३ साली स्वतःच्या नावाने संगीताचा संच काढला. ज्यांच्या घरून निरोप आला त्या येथे बसल्या असतील तर त्यांनी यांचे वादन एकदा ऐकावे. मला स्वतःला हे वाद्य एकटे ऐकताना अजून गोड लागत नाही, हे खरे सांगते. गाण्याखाली असले म्हणजे लागते, आणि काढून घेतले की फारच चुकल्यासारखे होते.

आता कामाचे. मागच्या आषाढीला आपण भजनाचे मुद्रण मोबाईलवर केले. त्यात टाळ तेवढे कानात घुसतात आणि डग्गा नाही, अशी आपली सर्वांची हळहळ होती. सूनबाई म्हणतात, डग्ग्याजवळ एक वेगळा माईक वीतभर अंतरावर ठेवू, टाळवाल्या दाराशी बसतील आणि गाणाऱ्या मध्ये. येत्या बुधवारी दुपारी ३ वाजता आमच्या घरी जमायचे आहे. मुद्रणाच्या वेळी पंखा बंद राहील, तरी प्रत्येकीने हातपंखा आणावा, आणि बांगड्या शक्यतो घरी काढून ठेवून याव्यात.