वातानुकूलन आणि विजेची कमाल मागणी

३० मे २०२४ रोजी देशातील विजेची कमाल मागणी सुमारे २५० गिगावॉटवर पोहोचली. तीव्र उष्म्यात एकाच वेळी चालणारी वातानुकूलन यंत्रे हे त्याचे एक प्रमुख कारण होय.

हे यंत्र खोलीतील उष्णता बाहेर टाकते. बाहेरची हवा जितकी तप्त, तितके कॉम्प्रेसरला श्रम अधिक. त्यात जाळी धुळीने भरलेली असेल किंवा बाहेरच्या भागाभोवती अडगळ असेल, तर वीज जास्त लागते आणि गारवा कमी मिळतो. म्हणून जाळी नियमित धुवावी, बाहेरचा भाग मोकळा ठेवावा, दुपारी पडदे ओढावेत, जोडीला पंखा लावावा. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या मते तापमान १ अंशाने वाढविल्यास सुमारे ६ टक्के वीज वाचते. २०२० पासून तारांकित यंत्रांचे प्रारंभिक तापमान २४ अंश ठरविण्यात आले, ते याच हेतूने.

यंत्र खासगी असले, तरी त्याचा भार सार्वजनिक असतो. वर्षातील मोजक्या तासांसाठी उभारलेल्या वीजक्षमतेचा खर्च, ज्याच्या घरी केवळ पंखा आहे, त्याच्याही वीजदरात उतरतो. अर्थशास्त्रात यालाच आपण बाह्य परिणाम म्हणतो. स्वच्छ जाळी हा तो कमी करण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग आहे.