न दिसणारी जखम आणि समदुःखी
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



संमेलनात शिक्षकाने विद्यार्थ्यांच्या गुणगौरवाचे चार शब्द बोलावेत, असा आपल्याकडे प्रघात आहे. आज तो मोडून आम्ही निराळ्याच विषयासाठी आपला थोडा वेळ घेणार आहोत.

आपल्या शीव कोळीवाड्याच्या जवळच लोकमान्य टिळक रुग्णालय आहे. 1947 साली लष्करी बराकींत सुरू झालेल्या महापालिकेच्या या रुग्णालयात डोक्याला मार लागलेले कितीतरी जीव वाचतात. वाचलेला माणूस घरी येतो, त्याच्यावरून नारळ उतरवला जातो, आणि तो बरा झाला असे सारी आळी समजते. त्याच्या घरच्यांची खरी परीक्षा तेथून पुढे सुरू होते. मोडलेला हात दिसतो, म्हणून लोक पुढे होऊन हातातली पिशवी घेतात. मेंदूची इजा वरून दिसत नाही. विसरणाऱ्याला लोक हसतात.

येथे आमचाच अपराध सांगणे भाग आहे. आमचा एक जुना विद्यार्थी दुचाकीवरून पडला होता. काही महिन्यांनी तो रस्त्यात भेटला. बोलता बोलता शब्द न सुचून थांबला, मग क्षुल्लक कारणावरून चिडला. चालही अडखळत होती. आम्ही चार लोकांदेखत म्हणालो, "सकाळीच घेऊन आलास काय रे?" तो निमूट निघून गेला. आठवड्याने त्याची आई दारात उभी राहिली. "गुरुजी, तो थेंबालाही शिवत नाही. पण तुम्ही बोललात त्या दिवसापासून घराबाहेर पडत नाही." पस्तीस वर्षे मुलांचे कान धरले, त्या दिवशी स्वतःचे धरावेसे वाटले.

आम्ही जाऊन क्षमा मागितली, पण तिचा फारसा उपयोग झाला नाही. उपयोग झाला तो बाजारात मासळी विकणाऱ्या आपल्या एका भगिनीचा. मोरीत घसरून तिच्याही डोक्याला मार बसला होता आणि तेव्हापासून तिला वास येत नाही. भात करपला तरी कळत नाही, गॅस गळला तरी कळत नाही. मासळी मात्र ती कल्ले आणि डोळे पाहून पारखते. ती त्या मुलाजवळ बसली आणि म्हणाली, "दुपारी डोके जड होऊन झोप येते ना रे? मलाही येते. घरचे आळशी म्हणतात." तो मुलगा रडू लागला. असे केवळ आपल्यालाच होते, अशी त्याची समजूत होती.

तेव्हापासून दर रविवारी ही मंडळी आमच्या ओटीवर जमतात. आता एक टॅक्सीचालकही सपत्नीक येतो. दाराच्या आतून 'गॅस, किल्ली, मोबाइल' असा कागद चिकटवावा, कामे वहीत लिहून एका वेळी एकच करावे, गोंगाट वाढला की न लाजता उठून जावे, या युक्त्या त्यांनी एकमेकांना शिकवल्या. आम्हांस त्या कोठून ठाऊक असणार? बायका पलीकडे बसतात. नवरा वाचला, पण पूर्वीचा राहिला नाही, हे दुःख त्या माहेरीही बोलू शकत नव्हत्या.

हा आमचा शोध नव्हे. ब्रिटनमध्ये 1979 साली निघालेल्या 'हेडवे' या संस्थेच्या शाखांतून असे रुग्ण व कुटुंबीय एकत्र येतात. आपल्या देशात जोधपूरचे युवराज शिवराजसिंह यांच्या मस्तकास 2005 साली पोलो खेळताना गंभीर इजा झाली. त्यानंतर त्यांचे वडील महाराजा गजसिंह यांनी 2007 साली 'इंडियन हेड इंज्युरी फाउंडेशन' स्थापन केले. म्हणजे हे दुःख राजवाड्यासही चुकले नाही.

एक गोष्ट मात्र कठोरपणे सांगतो. समदुःखी हा डॉक्टर नव्हे. आकडीच्या गोळ्या कोणाच्याही सांगण्यावरून बंद करू नयेत, डॉक्टरांनाच विचारावे. आणि शिमग्याला अशा माणसास "एक घोट घे" म्हणून आग्रह करणारे आपल्यात आहेत, त्यांनी तो सोडावा. इजा झालेल्या मेंदूस दारू अधिक बाधते, आकडीचे भयही वाढते.

आमची ओटी आता अपुरी पडते. मंडळाच्या सभागृहामागील लहान खोली रविवारी दोन तास मिळावी, एवढीच कार्यकारिणीस विनंती. पंखा आहे, ध्वनिक्षेपक नको. आपल्या घरी किंवा शेजारी असे कोणी असेल तर त्यास घेऊन या. तो विद्यार्थी आज सभागृहात आला आहे, दाराजवळच्या खुर्चीवर बसला आहे. टाळ्या कृपया हळू वाजवाव्यात.