रस्ता खुला झाला, पण लेबल आले का?



आपल्या समाजातील मुले-मुली आता बारावीनंतर किंवा पदवीनंतर कॉम्प्युटर नेटवर्किंगच्या अभ्यासक्रमाकडे वळू लागली आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. पालक पोटाला चिमटा घेऊन फी भरतात. परंतु पुष्कळदा विद्यार्थी कमांड पाठ करतो, प्रमाणपत्र मिळवतो आणि मुलाखतीत ‘असे का घडते?’ एवढ्या प्रश्नापाशी अडतो. म्हणून या विद्येतील असा एक ‘का’ मी आज तुमच्यापुढे उलगडून ठेवणार आहे.

बँकांच्या किंवा मोठ्या कंपन्यांच्या शाखा एकमेकींना जोडण्यासाठी दूरसंचार कंपन्या एमपीएलएस ही पद्धत वापरतात. तिचा मूळ आराखडा जानेवारी २००१ मध्ये आरएफसी ३०३१ या दस्तऐवजात प्रसिद्ध झाला. एरवी प्रत्येक राउटर पॅकेटवरचा पत्ता वाचून रस्ता ठरवतो. एमपीएलएसमध्ये पॅकेटवर एक लेबल, म्हणजे केवळ एक क्रमांक लावतात आणि मधले राउटर तो पाहूनच पॅकेट पुढे धाडतात. मुंबईच्या डबेवाल्यांची खूण तुम्हांला ठाऊक आहेच. पण डब्यावरची खूण मुक्कामापर्यंत तीच राहते. येथे मात्र वाटेतला राउटर जुने लेबल काढून त्याच्या पुढच्या राउटरने सांगितलेले लेबल लावतो.

यात दोन कामे वेगवेगळी आहेत. रस्ता ठरवण्याचे काम ओएसपीएफसारखे राउटिंग प्रोटोकॉल करतात. प्रत्येक दुव्याला एक ‘खर्च’ लावलेला असतो. सर्वांत कमी खर्चाचा रस्ता काढण्याची जी रीत डच शास्त्रज्ञ डायक्स्ट्रा यांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध केली, तीच येथे वापरतात. लेबले वाटण्याचे काम एलडीपी करतो. तो रस्ता शोधत नाही. त्याच्यामार्फत राउटर शेजाऱ्यांना एवढेच कळवतो, ‘या ठिकाणचे पॅकेट माझ्याकडे द्यायचे तर हा क्रमांक लावा.’ अनेक शेजाऱ्यांकडून लेबले येतात. त्यांतले कोणते वापरायचे, हे राउटिंगच्या निर्णयावर ठरते.

आता वहीत चार राउटर काढा : अ, ब, क आणि ड. अ पासून ड कडे जाणारा जवळचा रस्ता ब मधून, लांबचा क मधून. अ-ब ही तार तुटली. राउटिंगने क चा रस्ता धरला. क ने आपले लेबल आधीच देऊन ठेवलेले असल्यामुळे काम चालू राहिले. थोड्या वेळाने तार दुरुस्त झाली. ओएसपीएफने लगेच जाहीर केले, ‘जवळचा रस्ता खुला.’ सारी वाहतूक ब कडे वळली. पण एलडीपीची ब शी ओळख, मग टीसीपी जोडणी, मग बोलणी आणि त्यानंतर लेबले, हे सारे अजून व्हायचे आहे! अ कडे लावायला ब चे लेबलच नाही. साधे पॅकेट निदान पत्त्यावरून पुढे जाऊ शकते. बँकेच्या खासगी जाळ्याचा पत्ता मात्र मधल्या राउटरला माहीतच नसतो. ते पॅकेट वाया जाते. म्हणजे तार तुटली तेव्हा काम सुरू होते आणि तार जुळल्यावर ते बंद पडले. तार शाबूत असून नुसता एलडीपी बिघडला, तर हेच नुकसान तासन्‌तास चालू राहू शकते, कारण राउटिंगच्या दृष्टीने सर्व काही ठीक असते.

यावरचा उपाय मार्च २००९ च्या आरएफसी ५४४३ मध्ये सांगितला आहे. एलडीपी तयार होईपर्यंत राउटिंगने त्या दुव्याचा खर्च जास्तीत जास्त, ओएसपीएफमध्ये ६५,५३५, असा सांगावा. मग वाहतूक लांबच्या पण चालू रस्त्यानेच राहते. दुवा पूर्ण बंद केलेला नाही, हे ध्यानात घ्या. दुसरा रस्ताच नसेल, तर तो वापरता येतो. पुढे सेगमेंट राउटिंग आले (आरएफसी ८४०२, २०१८). त्यात लेबलांची माहिती राउटिंग प्रोटोकॉलच वाहून नेतो, म्हणून एलडीपीची गरज उरत नाही. तरीही जेथे एलडीपी आहे, तेथे हा प्रश्न समजणारा माणूस लागतोच.

विद्यार्थी मित्रांनो, हे आरएफसी कोणालाही विनामूल्य वाचता येतात. लिनक्सवर चालणारे एफआरआर हे मोफत सॉफ्टवेअर ओएसपीएफ आणि एलडीपी दोन्ही चालवते. घरच्या एका कॉम्प्युटरवर असे चार राउटर उभे करा, तार तोडा, जोडा, आणि लेबल कधी येते ते स्वतः पाहा. इंग्रजी जड वाटले, तर शिक्षकांसमवेत रोज एक पान वाचा. आणि पालकहो, मुलगा किंवा मुलगी क्लासमधून घरी आली, की किती गुण मिळाले हे अवश्य विचारा. पण आज कोणत्या ‘का’चे उत्तर मिळाले, हेही विचारा. तुम्हांला त्यातले सारे समजले नाही, तरी चालेल. समजावून सांगताना त्यांचे त्यांनाच कळेल, कोठे अडते आहे ते.